११ लाखांचा झोंबीपट चालतो का? नागपूरच्या एका दिग्दर्शकाला सविस्तर उत्तर

नागपुरातल्या काही मित्रांनी मिळून ११ लाखांत एक मराठी झोंबी कॉमेडी शूट केली आहे. शहराबाहेरचं मंगल कार्यालय, मे महिन्यातलं लग्न, प्रवासात कुणीतरी चावलेला एक काका आणि बघता बघता उलटून झोंबी झालेलं अख्खं वऱ्हाड. पहिला कट ११२ मिनिटांचा झाला आहे. ओळखीची मंडळी भारी म्हणतात, अनोळखी माणसं अर्ध्यातून मोबाईल काढतात. दिग्दर्शकाने कट पाठवून विचारलं आहे, की हा सिनेमा चालतो का, आणि जिथे चालत नाही तिथे आता थोड्या पैशात काय करता येईल. मी संकलक आहे. विदर्भात बनलेले लहान सिनेमे आणि लघुपट कापण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्याआधी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळांबरोबर फिरलो आहे. कट नीट बघूनच लिहितो आहे.

चालतो. पहिली चाळीस मिनिटं छान चालतो, पुढे धडपडतो, आणि झोंबी कार्यालयाचं फाटक ओलांडून शहरात शिरले की बंद पडतो. कारण एकच आहे. कार्यालयाच्या आत तुमचा प्रत्येक झोंबी आमच्या ओळखीचा आहे. तो मामा, ती आजी, तो आचारी, तो डीजेवाला. फाटकाबाहेर ती नुसती गर्दी होते, आणि गर्दी उभी करण्याइतके पैसे तुमच्याकडे नाहीत. ज्याच्याकडे हजार माणसं आहेत त्याने अनोळखी झोंबी दाखवावेत. ज्याच्याकडे वीस आहेत त्याच्या सिनेमात प्रत्येक मढ्याला नाव, नातं आणि लग्नातली एक जुनी तक्रार असायला हवी. तुमच्या सिनेमातलं जे चांगलं आहे ते या एका गोष्टीमुळे चांगलं आहे, आणि जे फसलं आहे ते ही गोष्ट सुटल्यामुळे फसलं आहे.

कूलरचा प्रसंग बघा. दुपारी तीनची वेळ, हॉलच्या कोपऱ्यात तो भला मोठा लोखंडी कूलर घरघरतो आहे, आणि सात-आठ झोंबी नवरीच्या खोलीचं दार सोडून एकेक करत त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. एक जण दुसऱ्याला कोपराने सरकवतो. मेल्यावरही हवेसाठी भांडण. मी एकटा बसून मोठ्याने हसलो. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो हे ज्याने सोसलं आहे त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्याने सोसलं नाही त्यालाही तो कळतो, कारण मागच्याच प्रसंगात हीच माणसं जिवंतपणी त्याच कूलरसमोरच्या खुर्च्यांसाठी भांडली होती. हा प्रसंग तुम्हाला पाहुण्यांच्या खुर्च्या आणि कूलर यापलीकडे एका पैशाला पडला नसेल. माझ्या मते सिनेमातला हा सगळ्यात श्रीमंत प्रसंग आहे.

मेलेली माणसं जुन्या सवयीने वागतात ही कल्पना या प्रकाराच्या मुळाशीच आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये झोंबी शॉपिंग मॉलकडे परत परत येतात, कारण जिवंतपणी त्यांची पावलं तिथेच वळत होती. आणि याच रोमेरोंचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये बनला. कृष्णधवल चित्रीकरण, रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप, आणि जवळपास सगळी गोष्ट पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात. बाहेर काय चाललं आहे ते रेडिओ आणि टीव्हीवरून कळतं. पैसे नव्हते म्हणून माणसं घरात कोंडली गेली, आणि कोंडली गेली म्हणून एकमेकांशी भांडली. भीती त्या भांडणातून तयार झाली. तुमचं कार्यालय हे तुमचं शेतघर आहे. ते सोडून कुठे निघालात?

आता त्या बाहेरच्या भागाबद्दल. सीताबर्डीच्या मेन रोडवर पहाटे घेतलेले ते ड्रोनचे शॉट, तीस पोरं, आणि कॉम्प्युटरवर नकला करून वाढवलेली गर्दी. मेहनत दिसते. पण एकाच पिवळ्या टी-शर्टाचा माणूस एका चौकटीत चार वेळा दिसतो, आणि त्या क्षणी प्रेक्षक गोष्टीतून उठून तुमच्या बजेटमध्ये जाऊन बसतो. एकदा तिथे गेलेला प्रेक्षक सहसा परत येत नाही. हा सगळा भाग, अंदाजे एकोणीस मिनिटं, काढून टाका. मनापासून सांगतो, त्यात वाचवण्यासारखा एकच तुकडा आहे: रिकाम्या रस्त्यावर सिग्नल लाल असताना थांबलेला तो एकटा स्कूटरवाला झोंबी. तो चार सेकंदांचा तुकडा टीव्हीवरच्या बातमीत टाका. हॉलमधल्या टीव्हीवर आतली माणसं ती बातमी बघतात, एवढ्याने शहर बुडाल्याचं कळतं.

गरिबी लपवण्यापेक्षा ती गोष्टीत घेणं किती दूर जाऊ शकतं याचं उदाहरण जपानचं आहे. शिनिचिरो उएदा यांचा 'वन कट ऑफ द डेड' २०१७ साली साधारण ३० लाख येनमध्ये झाला, अनोळखी नट घेऊन. पहिली ३७ मिनिटं सलग एकच शॉट आहे, आणि तो अवघडलेला, चुकांनी भरलेला वाटतो. कुणी विनाकारण थांबतं, कुणी भलतंच बोलतं. मग दुसऱ्या अर्ध्यात ते चित्रण करणाऱ्यांची गोष्ट उलगडते आणि आधीची प्रत्येक चूक का झाली ते कळतं. तीच चूक आता हसवून लोळवते, आणि त्या धडपडणाऱ्या माणसांबद्दल जीव तुटतो. त्या सिनेमाने खर्चाच्या हजारपटीहून जास्त कमाई केली. तुमच्याकडून मी त्याची नक्कल मागत नाही, ती करूच नका. फक्त एवढं बघा की त्यात एकही उणीव झाकलेली नाही.

काही जणांनी तुम्हाला म्हटलं आहे की झोंबी हा प्रकार आपल्याकडच्या प्रेक्षकाला परका वाटतो. हे मला पटत नाही. हिंदीत २०१३ साली 'गो गोवा गॉन' येऊन गेला, मराठीत २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. झोंबी म्हणजे काय हे आता पडद्यावर समजावत बसायची गरज उरलेली नाही, तुमच्या कटमधला डॉक्टरांचा तीन मिनिटांचा खुलासा म्हणूनच जड वाटतो. आणि नागपुरात तर भीती आणि हसू एकत्र नांदवण्याची सवय जुनी आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८०च्या दशकापासून निघते आहे. रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक त्या अक्राळविक्राळ पुतळ्यांमागे नाचतात, आणि बरोबरच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवलेली असते. शेवटी सगळं जाळतात. साथीच्या भीतीला वाजतगाजत शहराबाहेर नेणाऱ्या माणसांना झोंबी कॉमेडी परकी कशी असेल? तुमचा प्रेक्षक तयार बसला आहे.

मग अनोळखी लोक मोबाईल का काढतात? मला तीन जागा दिसल्या.

पहिली जागा नियमांची. चाळीस मिनिटांपर्यंत तुमचे झोंबी हळू चालतात, आणि मग एकदम तो फोटोग्राफर झोंबी धावत सुटतो. काका उलटायला रात्रभर घेतो, डीजेवाला दोन सेकंदांत उलटतो. तुम्हाला वाटलं असेल की विनोदी सिनेमात एवढं कोण मोजतं. पण विनोदात तर जास्त मोजतात. हसायला येतं ते अपेक्षा तयार होऊन मोडते म्हणून, आणि नियमच ठरलेला नसेल तर मोडायला काही राहत नाही. धावणारा शॉट काढून टाका, हळू चालणारा झोंबी स्वस्तही पडतो आणि जास्त हसवतोही, कारण त्याच्यापासून पळून जाणं सोपं असतं आणि तरी माणसं आपल्या मूर्खपणाने सापडतात. उलटायच्या वेळेचा घोळ डबिंगमध्ये निस्तरता येईल. डीजेवाला पाठमोरा असताना त्याच्या तोंडी एक ओळ घाला की सकाळीच त्या काकाने दंडाला चावा घेतला होता. झालं.

दुसरी जागा कवळीची, आणि इथे मला खरोखर हळहळ वाटली. सातव्या मिनिटाला आजी आपली कवळी काढून पेल्यात ठेवते. तिसाव्या मिनिटाला आजी उलटते, नातवाचा हात पकडून कचाकच चावते, आणि काहीच होत नाही, कारण तोंडात दात नाहीत. मग नातू तिला पदरानेच खुर्चीला बांधतो आणि सगळा गोंधळ चालू असताना अधूनमधून तिच्या तोंडाला पाणी लावत राहतो. यात विनोद आहे, भीती आहे आणि प्रेमही आहे. असा प्रसंग मोठ्या बजेटवाल्यांनाही सहज सुचत नाही. आणि यानंतर तुम्ही ती कवळी विसरून गेलात! पेला पुन्हा दिसतच नाही. प्रेक्षक त्या पेल्याची वाट बघतो. शेवटच्या वीस मिनिटांत कुणीतरी, बहुधा त्या आगाऊ आत्याने, अंधारात चाचपडत, आजीला बरं वाटावं म्हणून ती कवळी तिच्या तोंडात बसवायलाच हवी. सीताबर्डीच्या जागी तुमचा शेवट हा आहे. एक खोली, एक पेला, तीन माणसं.

तिसरी जागा मामाची. रुसलेला मामा ही तुमची फार सुंदर व्यक्तिरेखा आहे. मानपानात टॉवेल-टोपी चुकली म्हणून तो जेवायला उठत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. झोंबी झाल्यावरही भिंतीकडे तोंड करूनच बसतो, हे तुम्ही अचूक पकडलं. पण नंतर तो बाकीच्यांसारखा अंगावर येतो आणि नवरीचा बाप त्याच्या डोक्यात झारा घालतो. का? त्या बापाला इथे एक जागा मिळाली असती. मामा समोर, दार बंद, हातात काही नाही, आणि बाजूच्या ताटात तीच राहून गेलेली टॉवेल-टोपी. त्याने थरथरत ती टोपी मामाच्या डोक्यावर ठेवावी. आणि मामाने थांबावं. किती वेळ थांबावं हे संकलनात ठरवू, पण थांबावं. लग्नाघरातल्या माणसांना हसूही येईल आणि घशाशीही येईल.

अभिनयाबद्दल. मामा आणि आचारी हे झाडीपट्टीतले कलावंत आहेत हे पहिल्या वाक्यालाच कळतं, आणि ते तुमच्या सिनेमाचं बळ आहे. वडसा-देसाईगंजच्या मंडळांत रात्रभर हजारोंच्या समोर उभं राहिलेला नट प्रेक्षकाचा श्वास ओळखतो. फक्त तो हशासाठी थांबतो, कारण मंचावर थांबावंच लागतं. पडद्यावर ती थांबण्याची जागा नटाच्या चेहऱ्यावर दिसली की खोटी वाटते. त्या जागा मी मोजल्या नाहीत, पण बऱ्याच आहेत. त्या कापा, आणि त्याऐवजी पुढच्या शॉटच्या सुरुवातीला थोडी शांतता ठेवा, म्हणजे हशात पुढचं वाक्य बुडणार नाही.

झोंबी झालेल्या पोरांना एकच सूचना द्यायची: एक मोडलेला सांधा आणि एक जुनी सवय. बाकी काही करू नका. तुमच्या पानठेल्यावाल्याने हे आपसूक केलं आहे. त्याची मान लुळी आहे आणि हातात प्लास्टिकची पन्नी घेऊन तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटतच राहतो. मागच्या रांगेतली पोरं मात्र दोन्ही हात पुढे करून डोळे फिरवतात, आणि दोघं चक्क हसताना दिसतात. त्यांचे शॉट जवळून वापरू नका. झोंबी करणाऱ्याने हसवायचा प्रयत्न केला की विनोद मेला. त्याला भूक लागली आहे, एवढंच त्याला माहीत असावं.

भाषेबद्दल तुमचे आभार मानतो. तुमच्या सिनेमात नवरदेव, डॉक्टर, इन्स्पेक्टर, सगळेच 'काहून बे', 'काय करून राहिला', 'येऊन राहिलो ना भाऊ' असं बोलतात, आणि डीजेवाला त्याच्या हिंदीत. वऱ्हाडी-नागपुरी बोलली की हसायचं, ही पद्धत मराठी पडद्याने फार वर्षं चालवली. इथे बोली ही माणसांची बोली आहे, विनोद दुसरीकडून येतो. कुणी सांगितलं की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी थोडी प्रमाण भाषा करा, तर ऐकू नका. सबटायटल द्या.

मेकअप. पोरांना पांढरं-हिरवं रंगवलं आहे, ते आपल्या वर्णावर पिठात पडल्यासारखं दिसतं. आपल्या कातडीवर मृतपणा आणायचा तर राखाडी आणि मातकट पिवळा पातळ थरात, डोळ्यांभोवती आणि ओठांवर जांभळा, नखांत काळा. गळा, कान आणि हात विसरायचे नाहीत, तुमच्या कटमध्ये बऱ्याच जणांचे कान ठणठणीत जिवंत आहेत. जखमांसाठी जिलेटीन वापरलंत असं दिसतं, कारण आचाऱ्याच्या गालावरची जखम दोन शॉटमध्ये हनुवटीपर्यंत उतरली आहे. जिलेटीन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास मऊ पडून वाहायला लागतं, आणि दिव्यांखाली घामेजलेल्या अंगावर ते टिकत नाही. लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपरचे थर स्वस्त आहेत आणि टिकतात. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, कुणाला ॲलर्जी असू शकते. भुवया आणि मिशांना व्हॅसलीन चोपडल्याशिवाय लेटेक्स लावू नका, काढताना केस उपटून येतात. पांढऱ्या लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही डोळ्यांत घालू नका, एकाच्या दुसऱ्याला तर कधीच नाही. डोळा गेला तर कुठल्याच सिनेमाने भरून येत नाही.

रक्तासाठी बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. त्यात खायचा लाल रंग, निळ्याचा अगदी एखादा थेंब, आणि गडदपणासाठी कोको पावडर. तुमचं रक्त सरबतासारखं दिसतं कारण कोको नाही. गोड असल्यामुळे मुंग्या-माश्या येतात, लगेच पुसून घ्या, आणि फरशीवर सांडलं की माणूस घसरतो हे लक्षात ठेवून एक जण फक्त पुसायला ठेवा.

आवाजाचं सांगायला हवं, कारण पैसा उरला असेल तर तो सगळा इथे गेला पाहिजे. चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक माफ करतो, काही वेळा त्याला ते आवडतंही. संवाद ऐकू आला नाही तर तो सुटतो, आणि विनोदातला एक शब्द गेला की विनोद गेला. तुमच्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि कूलरची घरघर सगळ्या संवादांवर बसली आहे. कूलरच्या प्रसंगात ती हवी आहे. बाकी ठिकाणी कूलर बंद ठेवून त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर टाकायचा असतो. आता मुख्य पाच जणांचं डबिंग करा, पण स्टुडिओच्या बंद खोलीतला कोरडा आवाज तसाच लावू नका, हॉलमध्ये नुसतीच शांतता दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणा आणि ती खाली पसरा. चावण्या-फाडण्याचे आवाज बाजारातून विकत घेतलेले वाटतात. पत्ताकोबीचा गड्डा पिळून मोडा, गाजर आणि काकडी मायक्रोफोनजवळ कडाकडा तोडा, ओला टॉवेल पिळा, कलिंगडाच्या गरात बोटं घाला. एका दुपारी सगळं होतं, आणि सिनेमाचं वय चार वर्षांनी वाढतं.

लांबी ११२ वरून ८५च्या आसपास आणा. विनोद आणि भय दोन्ही लांबीला भितात. पण कापणं म्हणजे सगळीकडे वेग वाढवणं असं समजू नका. कूलरचा प्रसंग तुम्ही अकरा तुकड्यांत कापला आहे, तो एका लांबच्या शॉटमध्ये ठेवा, तुमच्या फुटेजमध्ये तसा टेक असणारच. प्रेक्षकाला पूर्ण चौकट दिसली तर तो स्वतः शोधतो, कोण कुणाला ढकलतंय ते. एडगर राइट यांच्या 'शॉन ऑफ द डेड'मध्ये नायक दुकानापर्यंतचा तोच रस्ता दोनदा चालतो, एकदा साध्या सकाळी आणि एकदा सगळं संपल्यावर, आणि दोन्ही वेळा कॅमेरा न कापता त्याच्यामागे जातो. दुसऱ्यांदा आजूबाजूला मढी फिरत असतात आणि त्याला पत्ता नसतो. मध्ये तुकडे असते तर आपणही ते त्याच्याआधी पाहिल्याचा आनंद गेला असता.

कट तयार झाला की वीसेक अनोळखी माणसं बसवा, वेगवेगळ्या वयाची, त्यात लग्नाघरातल्या दोन-चार मावश्या हव्यातच. खोलीत मागे एक फोन रेकॉर्डिंगला ठेवा. प्रश्न विचारत बसू नका, माणसं तोंडावर चांगलंच बोलतात. नंतर तो आवाज तुमच्या टाइमलाइनवर चित्राखाली सरळ लावा. कुठे हसू फुटलं, कुठे अर्धवट विरलं, कुठे खुर्च्या वाजल्या, सगळं फ्रेमवर दिसतं. मी इतक्या खात्रीचं दुसरं साधन पाहिलेलं नाही.

कागदपत्रांकडे तुमचं दुर्लक्ष झालं आहे. वरातीत बँडवाले जे गाजलेलं हिंदी गाणं वाजवतात त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत, ते सिनेमात राहूच शकत नाही. बँडवाल्यांना बसवून एक स्वतःची धून करून घ्या, ओठ हलत नसल्यामुळे ती सहज बसेल. नवरदेवाची घोडी पडद्यावर आहे. प्राणी दाखवायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी लागते आणि सेन्सॉर तिचं पत्र मागतं. तुमच्याकडे ते नसेल तर ते शॉट सोडा, नवरदेव पायी आला तरी गोष्ट अडत नाही. खर्ऱ्याच्या प्रसंगात तंबाखूचा इशारा पडद्याच्या खालच्या भागात येईल, म्हणून चौकट थोडी वर घ्या, नाहीतर पानठेल्यावाल्याचे हात त्याच्यामागे जातील. सगळ्या नटांची आणि कार्यालयाच्या मालकांची लेखी संमती घ्या. रोमेरोंच्या त्या पहिल्या सिनेमाचं नाव शेवटच्या घडीला बदललं, नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि अमेरिकेत तो सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. जगभर तो दाखवला गेला आणि बनवणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं आलं.

प्रमाणपत्राचा विचार आताच करा. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत. तुमच्या सिनेमात आतडी ओढण्याचा जो एक प्रसंग आहे तो असल्यामुळे 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, मिळण्याची शक्यता वाढते, आणि 'ए' सिनेमा आहे तसा टीव्हीवर जात नाही. तो प्रसंग मला विनोदीही वाटला नाही आणि भीतीदायकही. तो गेला तर यूए १६ साठी तुमची बाजू भक्कम होते, आणि हा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघण्याचा आहे.

राहिलं पॅच शूट. कवळी आणि टोपी, दोन प्रसंग, त्याच कार्यालयात, रात्रीचे. झालरीच्या माळा आणि ट्यूबलाइट तशाच लावा, निळे दिवे नकोत. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा म्हणजे या वेळी दिवे फडफडणार नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयं भरायला लागतात आणि भाडं चढतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की पोलीस बंदोबस्तात गुंततात आणि रात्रीच्या चित्रीकरणाची परवानगी लांबते. त्याहून मोठी अडचण म्हणजे दिवाळी झाली की झाडीपट्टीचा हंगाम उभा राहतो आणि तुमचे मामा होळीपर्यंत रोज रात्री वेगळ्या गावात असतील. म्हणून दिवाळीच्या आधीच्या दोन रात्री धरा, आणि बाकी काही ठरवण्याआधी मामांच्या तारखा घेऊन ठेवा.